पट्टी खाली घ्यावी का? वय वाढलेल्या रॉक गायकाच्या आवाजाबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 57, तीस वर्षांहून जास्त काळ रॉक बँडचे मुख्य गायक. गेल्या तीन वर्षांत वरचे स्वर निसटायला लागलेत. शोच्या दुसऱ्या दिवशी आवाज बसतो आणि मोकळा व्हायला दोन-तीन दिवस घेतो. बँडमधले मित्र म्हणतात, सगळी गाणी अर्ध्या स्वराने खाली घेऊ. तुम्हाला ती हार वाटते. तुमच्याच एका गाण्याच्या शेवटी येणारा लांब, उंच स्वर, ज्याची लोक वाट बघत असतात, तो आता लागत नाही. आणि सत्तरी ओलांडलेले मोठे गायक हे सगळं कसं निभावतात, तेही तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

पट्टी खाली घ्या, त्यात हार काहीही नाही. पण ते दुसरं काम आहे. पहिलं काम स्वरतंतूंची तपासणी करून घेण्याचं, आणि ते टाळून बाकी काहीही करू नका. मी पंचवीसहून जास्त वर्षं गायकांच्या आवाजावर उपचार करते आहे. पन्नाशी-साठीतले रॉक गायक माझ्यासमोर बसतात तेव्हा बहुतेकांची तक्रार 'वय झालं' अशी असते. तपासल्यावर वयाचा वाटा थोडा निघतो आणि वयावर मात करण्यासाठी त्यांनी गळ्यावर जो जोर लावलेला असतो त्याचा वाटा मोठा निघतो. तुमचा आवाज दोन-तीन दिवस बसून राहतो, यावरून मला तुमच्याबाबतीतही तीच शंका येते.

वयाने नेमकं काय होतं ते आधी समजून घ्या, कारण ते समजल्याशिवाय उपाय पटत नाहीत. स्वरतंतू ही नावाप्रमाणे तार नव्हे, ती घडी आहे. आत स्नायू, त्यावर लवचीक थर, आणि वर, पातळ आवरणाखाली, जेलीसारखा मऊ थर. ही मऊ वरची घडी लाटेसारखी हलते तेव्हा स्वर तयार होतो. वय वाढतं तसा आतला स्नायू बारीक होतो. वरच्या थरातलं लवचीक द्रव्य कमी होतं आणि कडक तंतू वाढतात. दोन्ही घड्या पूर्वी सरळ रेषेत येऊन मिटायच्या. आता त्यांच्या कडा मध्यापासून किंचित दूर, कमानीसारख्या वाकतात आणि मध्ये निमुळती फट राहते. त्या फटीतून हवा गळते. मग आवाजात वारा येतो, स्वराची धार जाते, वाक्य संपण्याआधी श्वास संपतो. गायक मला म्हणतो, 'माझा दमसास गेला.' छातीच्या फासळ्यांचा लवचीकपणा वयानुसार कमी होतो, फुप्फुसांची क्षमताही उतरते, हे खरं आहे. पण अनेकदा श्वास पुरेसा असतो, तो फटीतून वाया जात असतो. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हा फरक कळायला हवा.

स्वरयंत्राचे कूर्चे, म्हणजे त्याचा सांगाडा असलेले लवचीक भाग, हळूहळू हाडासारखे कडक होतात. वरचा स्वर घेताना एक कूर्चा दुसऱ्यावर झुकतो आणि स्वरतंतू ताणले जातात. सांधा कडक झाला की हे झुकणं अडखळतं. श्लेष्मल ग्रंथी कमी पाझरतात, घसा कोरडा पडतो. गाण्यातली सुंदर थरथर साधारणपणे सेकंदाला 5 ते 7 वेळा होते; नियंत्रण सैल झालं की ती मंद आणि रुंद होते, आणि लांब स्वर डुलायला लागतो.

पुरुष आणि स्त्रिया यांच्यात वय उलट दिशांनी काम करतं, हे फार लोकांना माहीत नसतं. पुरुषांचे स्वरतंतू पातळ होत जातात, त्यामुळे उतारवयात त्यांच्या बोलण्याची पट्टी थोडी वर जाते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकं बदलतात, स्वरतंतूंना थोडी सूज आणि जाडी येते, आणि आवाज खाली उतरतो. म्हणून वरचे स्वर स्त्री गायिकेच्या हातून गेले तर कारण एक, तुमच्या हातून गेले तर दुसरं. जे व्यायाम तुमच्या सहगायिकेला लागू पडले ते जसेच्या तसे तुम्ही उचलू नका.

आता त्या जोराबद्दल. फट राहिली की कान ताबडतोब ओळखतो, की आवाज पूर्वीसारखा नाही. मेंदू न विचारता दुरुस्ती सुरू करतो: मान ताठ होते, जीभ मागे ओढली जाते, स्वरयंत्र वर चढतं, आणि स्वरतंतूंच्या वरच्या बाजूला असलेल्या दुय्यम घड्या आवळून फट बुजवायचा प्रयत्न होतो. आवाज क्षणभर घट्ट लागतो. गायकाला वाटतं, जमलं. पण तो स्वर आता लवचीकपणावर उभा नसतो, दाबावर उभा असतो. दोन तासांच्या शोमध्ये हा दाब लाखो वेळा आदळतो. पियानोवरच्या मधल्या सी-च्या वरचा ए गाताना स्वरतंतू सेकंदाला 440 वेळा एकमेकांवर येतात. दहा सेकंद धरलेला एकच स्वर म्हणजे 4400 टकरा. तरुण, ओलसर, जाड घडी हे सोसते. पातळ आणि कोरडी घडी सुजते. सुजल्यावर आवाज अजून लागत नाही, म्हणून दुसऱ्या शोला जोर आणखी वाढतो. हे चक्र मी इतक्या वेळा पाहिलंय, की 'दुसऱ्या दिवशी बसतो' हे शब्द वाचले आणि मला बाकीचं चित्र दिसलं.

आणि यामागचं कारण मनातलं आहे, ते कळतं मला. तुम्ही ते गाणं 27 व्या वर्षी रेकॉर्ड केलंत. तुमच्या कानात आजही तोच आवाज आहे, श्रोत्यांच्या कानातही तोच. आज तुम्ही गाता ते त्या आठवणीच्या मागे धावत गाता. माझ्याकडे आलेल्या एका गायकाला मी त्याचं गाणं त्याच्या आताच्या आवाजात, कुठलीही जुनी फेक न आठवता, नुसतं गुणगुणायला सांगितलं. त्याला डोळ्यांत पाणी आलं. पंधरा वर्षांत त्याने ते गाणं कधी हळू गायलंच नव्हतं. त्याचा हळू आवाज स्वच्छ होता.

तपासणीकडे येते. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, शक्यतो आवाजाचं काम करणाऱ्या, आणि स्ट्रोबोस्कोपी मागा. साध्या दुर्बिणीतून स्वरतंतू दिसतात, पण त्यांची लाट दिसत नाही. स्ट्रोबोच्या लुकलुकत्या उजेडात ती मंद गतीत दिसते. तपासताना बोलून थांबू नका, त्रास देणारा स्वर प्रत्यक्ष गाऊन दाखवा. शोच्या आदल्या आठवड्यात, आवाज शांत असताना एकदा, आणि जमलं तर शोनंतर एकदा अशी दोनदा तपासणी झाली तर दोन्हींतला फरक सगळं सांगतो.

वय समजून दुर्लक्ष केलं आणि निघालं दुसरंच, असं होऊ शकतं. अमेरिकन गायिका लिंडा रॉनस्टॅड यांचं उदाहरण मी प्रत्येकाला देते. त्यांचा शेवटचा कार्यक्रम 2009 मध्ये झाला. पार्किन्सनमुळे आपल्याला गाता येत नाही असं त्यांनी 2013 मध्ये जाहीर केलं, आणि पुढे निदान बदलून मेंदूचाच आणखी एक दुर्मीळ आजार असल्याचं कळलं. आयर्न मेडनचे ब्रूस डिकिन्सन यांना जिभेच्या मुळाशी गाठ निघाली, 2015 मध्ये ती जाहीर झाली, उपचार झाले आणि 2016 मध्ये ते पुन्हा टूरवर होते. आवाज सलग तीन आठवडे घोगरा राहिला, गिळताना दुखलं, एका बाजूचा कान दुखत राहिला, थुंकीत रक्त दिसलं, तर वाट बघत थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांकडे जायचं. गाताना एका क्षणात आवाज नाहीसा झाला तर तिथेच शो थांबवायचा, कारण स्वरतंतूत रक्तस्राव झालेला असू शकतो आणि त्या अवस्थेत गायलेली प्रत्येक ओळ कायमची खूण ठेवू शकते.

औषधांची यादी सोबत न्या. या वयात कुणाची ना कुणाची काही गोळी चालू असतेच. सर्दीच्या आणि अ‍ॅलर्जीच्या बऱ्याच गोळ्या घसा कोरडा करतात, लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही करतात. रक्तदाबाच्या काही औषधांनी कोरडा खोकला लागतो. दम्याच्या स्टेरॉइड पंपाने आवाज घोगरा होऊ शकतो. तो घेतल्यावर चूळ आणि गुळण्या करायच्या असतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जोरकस गाण्यात रक्तस्रावाचा धोका वाढतो. यातली एकही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मी गायक आहे, पर्याय आहे का, एवढं डॉक्टरांना विचारा. जेवून लगेच आडवं होण्याची सवय असेल, आणि शोनंतर रात्री उशिरा जेवणाऱ्यांना ती असतेच, तर आम्ल वर चढून सकाळी घसा जळतो आणि आवाज जड होतो. झोप आणि जेवण यांत तीन तास ठेवा.

समजा तपासणीत गाठ, फोड, रक्तस्राव काही नाही, फक्त बारीक झालेले स्वरतंतू आणि आवळलेला गळा. तुमच्या वर्णनावरून मला हेच अपेक्षित आहे. मग काम सुरू होतं, आणि ते कंटाळवाणं आहे.

सुरुवात स्ट्रॉने. साधी स्ट्रॉ ओठांत धरायची, दुसरं टोक ग्लासातल्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवायचं आणि त्यातून 'ऊ' असा स्वर काढत बुडबुडे सोडायचे. तोंडाशी अडथळा आल्यामुळे मागे हवेचा थोडा दाब तयार होतो, तो स्वरतंतूंना हलकं अलग ठेवतो आणि ते कमी आदळता पूर्ण कंप पावतात. इंगो टिट्झ या आवाजशास्त्रज्ञाने या पद्धतीमागचं भौतिकशास्त्र मांडलं आणि ती जगभरच्या गायकांपर्यंत पोचवली. खालून वर, वरून खाली सरकत जा. पाच मिनिटं सकाळी, पाच दुपारी, शोआधी दहा, आणि शोनंतरही पाच. शोनंतरची पाच मिनिटं कुणी करत नाही. धावणारा माणूस शर्यतीनंतर चालत दम शांत करतो, गळ्यालाही तेच हवं असतं.

दुसरा भाग ताकदीचा. जोसेफ स्टेम्पल यांनी मांडलेला आवाजाचा व्यायामक्रम वयस्कर आवाजांसाठी खूप वापरला जातो, मीही वापरते. त्यात चारच गोष्टी आहेत: एक स्वर जितका लांब धरता येईल तितका धरणं, खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत घसरत जाणं, वरून खाली घसरत येणं, आणि ओळीने पाच स्वर एकेक करून लांब धरणं. प्रत्येक दोनदा, दिवसातून दोनदा. सगळं शक्य तितक्या हळू आवाजात, पण स्वर फुटू न देता. रॉक गायकांना याच 'हळू'चा राग येतो. मोठ्याने गाताना दाब फट झाकून टाकतो. हळू गाताना फट झाकायला काही नसतं, म्हणून नेमका स्नायू काम करतो. लांब धरलेल्या स्वराचे सेकंद वहीत लिहा. सहा ते आठ आठवड्यांत आकडा वाढताना दिसला नाही तर पद्धत चुकते आहे किंवा निदान.

हे करत असताना पहिले तीन आठवडे तुमचा तो शेवटचा स्वर गाऊन बघू नका. रोज जखमेची खपली काढून बघण्यासारखं होतं ते.

आता पट्टी. जिमी हेंड्रिक्स ऐन पंचविशीत गिटार अर्ध्या स्वराने खाली, म्हणजे ई फ्लॅटमध्ये लावत असे. गन्स एन' रोझेसने पहिल्या अल्बमपासून तेच केलं. विशीतल्या गायकांना जे चालतं त्याला 57 व्या वर्षी हार कसं म्हणायचं? रॉबर्ट प्लांट 2007 च्या डिसेंबरमध्ये लंडनला लेड झेपेलिनच्या पुनर्मीलनाच्या कार्यक्रमात गायले तेव्हा 59 वर्षांचे होते, आणि त्या रात्री अनेक गाणी मूळ पट्टीच्या खाली वाजवली गेली. त्या कार्यक्रमाची आठवण काढणारे लोक त्या दमदार वादनाची आणि गाण्याची काढतात, पट्टीची नाही.

पण किती खाली, हे मापून ठरवा. अर्धा स्वर खाली गेल्यावर 440 चा ए 415 वर येतो, पूर्ण स्वर गेल्यावर 392 वर. आकडा लहान वाटतो. गळ्याला मात्र तो ताण फार वेगळा जाणवतो, कारण वरच्या टोकाला प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा महाग असते. उंच पुरुषी आवाजाचा सांधा, जिथे छातीचा आवाज डोक्यातल्या आवाजाकडे वळतो, तो साधारण मधल्या सी-च्या वरच्या ई आणि एफ शार्प यांच्या आसपास असतो. तुमच्या गाण्याचा कोरस आज त्या सांध्याच्या वर असेल आणि अर्धा स्वर खाली आणून तो नेमका सांध्यावर बसला, तर गाणं आधीपेक्षा कठीण होईल. अशा गाण्याला पूर्ण स्वर किंवा दीड स्वर खाली न्या. काही गाण्यांत उलट होतं: कोरस सोपा होतो, पण कडव्याच्या खालच्या ओळी जमिनीला लागतात आणि ऐकू येत नाहीत. तिथे पट्टी तशीच ठेवून कोरसची चाल बदलणं बरं. प्रत्येक गाणं घरी एकट्याने तीन पट्ट्यांमध्ये गा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, दोन दिवसांनी ऐका. त्याच दिवशी ऐकाल तर गळ्याची जाणीव कानाला फसवते.

वाजवणाऱ्यांचं गणितही बघा. मोकळ्या तारांवर उभा असलेला रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, बोटं सरकवून खाली नेता येत नाही, गिटार खाली लावावीच लागते. तारा सैल होतात, म्हणून जाड तारांचा संच घालावा लागतो. दोन ट्यूनिंगची गाणी आलटून पालटून ठेवली तर शोचा वेग गिटार बदलण्यात मोडतो, त्यासाठी खालच्या ट्यूनिंगची गाणी एकत्र ठेवा किंवा सगळा शोच एका ट्यूनिंगमध्ये आणा. गिटारची पट्टी खाली नेणारे पेडल मिळतात, ते सरावासाठी उत्तम आहेत. निर्णय पक्का झाला की मात्र गिटार खरोखर खाली लावा. सैल जाड तारेचा आवाज अधिक वजनदार येतो, बरीच गाणी त्याने सुधारतात असं माझं मत आहे.

काही गाणी पट्टीने सुटत नाहीत. डीप पर्पलचं 1970 मधलं 'चाइल्ड इन टाइम' इयन गिलन यांनी विशीतल्या गळ्याने गायलं, ज्यात किंकाळीची चढण चढत जाते. 2002 नंतर बँडने ते मंचावर घेणं थांबवलं. गिलन मात्र गात राहिले. लोक ते गाणं मागत असतानाही ते यादीतून काढायचं, याला हिंमत लागते, आणि त्यांच्या बाकीच्या आवाजाला त्याने मोकळीक मिळाली असं मला वाटतं.

घोगऱ्या, फाटक्या गायकीबद्दल थोडं. योग्य पद्धतीने काढलेला खरखरीत आवाज बराचसा स्वरतंतूंच्या वरच्या घड्यांमधून येतो आणि खालचे स्वरतंतू मोकळे राहतात. ज्यांना हे जमतं ते साठीनंतरही खरखर टिकवतात. खात्री करण्याची साधी पद्धत: खरखरीत स्वर धरा आणि मध्येच, न थांबता, तोच स्वर स्वच्छ करा. स्वच्छ स्वर लगेच मिळाला तर ठीक. खोकल्यासारखा अडथळा आला, किंवा स्वर मिळायला क्षण लागला, तर ती खरखर स्वरतंतू घासून येते आहे आणि ती आजच बंद करायला हवी.

मंचावर तुमचा सगळ्यात मोठा शत्रू ड्रमचा आवाज आहे. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. 1911 मध्ये एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने हे नोंदवलं आणि आजही त्या परिणामाला त्यांचंच नाव आहे. त्यात तीस वर्षं अँप्लिफायरसमोर उभं राहिल्यावर श्रवणशक्ती कमी झालेली असण्याची शक्यता मोठी, आणि गायकाला स्वतःचा आवाज कमी ऐकू आला की तो जोर वाढवतो. एसी/डीसीचे ब्रायन जॉन्सन यांना 2016 मध्ये टूर सोडावी लागली ती गळ्यामुळे नव्हे, कानांमुळे. आवाजाच्या तपासणीबरोबर कानांचीही करा. कानातले मॉनिटर, म्हणजे मंचावर स्वतःचा आवाज ऐकवणारे इयरफोन, घ्या आणि दोन्ही कानांत घाला. प्रेक्षक ऐकू यावेत म्हणून एक कान मोकळा ठेवणारे पुष्कळ आहेत. त्या मोकळ्या कानातून ड्रम शिरतो आणि सगळा फायदा जातो. प्रेक्षकांसाठी एक माइक लावून त्यांचा आवाज मॉनिटरमध्ये घ्या.

गाण्यांची यादी लावताना सगळ्यात उंच गाणं पहिलं ठेवू नका आणि शेवटचंही ठेवू नका. दुसऱ्या तृतीयांशात ठेवा, त्यानंतर एक वाद्यांचा लांब तुकडा किंवा सहगायकाचं गाणं. सलग दोन दिवस शो घेणं बंद करा. शोनंतर भेटायला येणाऱ्यांशी गोंगाटात ओरडून बोलणं हे कित्येकदा दोन तासांच्या गाण्यापेक्षा महाग पडतं. सही द्या, हात मिळवा, कमी बोला. पाणी शोच्या वेळी नव्हे, दिवसभर प्यायचं असतं. प्यायलेलं पाणी स्वरतंतूंवर पडत नाही, रक्तातून हळूहळू पोचतं.

शस्त्रक्रियेचा विचार तुमच्या मनात येऊन गेला असेल, कारण जॉन बॉन जोवी यांची बातमी सगळ्यांनी वाचली. त्यांचा एक स्वरतंतू क्षीण झाला होता; 2022 मध्ये शस्त्रक्रिया करून त्याच्या बाहेरच्या बाजूने आधाराचा तुकडा बसवला गेला, जेणेकरून तो मध्यावर येऊन दुसऱ्याला मिटेल. नंतर पूर्ण ताकदीने गायला त्यांना दीर्घकाळ मेहनत घ्यावी लागली. याहून सौम्य पर्याय म्हणजे स्वरतंतूत भराव टोचणं. हायल्युरॉनिक आम्लाचा भराव काही महिने टिकतो, आणि म्हणूनच फट भरून फायदा होतो का ते बघायला उपयोगी पडतो. व्यायामांना सहा महिने प्रामाणिकपणे दिल्याशिवाय मी कुणालाही यातल्या कशाकडे पाठवत नाही. शस्त्रक्रियेने आवाज जुना होत नाही, वेगळा होतो. एल्टन जॉन यांच्या स्वरतंतूंवर 1987 मध्ये शस्त्रक्रिया झाली; त्यानंतर त्यांचा आवाज खाली आणि जाड झाला, फॉल्सेटो, म्हणजे वरचा हलका, पातळ आवाज, जवळजवळ गेला, आणि त्यांनी पुढची गाणी त्या नव्या आवाजासाठी रचली. रॉड स्टुअर्ट यांच्या थायरॉइडच्या कर्करोगावर 2000 मध्ये शस्त्रक्रिया झाली, त्यांना गाणं नव्याने शिकावं लागलं, आणि 2002 पासून ते जुन्या अमेरिकन गाण्यांच्या मालिकेकडे वळले, जी त्या खालच्या, मऊ आवाजाला शोभली.

शोआधी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन गाण्याची प्रथा आहे, तुम्हालाही कुणीतरी सुचवेल. सूज उतरते, आवाज लागतो, आणि इजा होत असल्याची जाणीव बोथट होते. वर्षातून एखाद्या अत्यंत महत्त्वाच्या प्रसंगी, तपासणी करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठीक. सवय म्हणून कधीच नको. एरोस्मिथ बँडचे गायक स्टीव्हन टायलर यांची 2006 मध्ये घशावर शस्त्रक्रिया झाली, ते सावरले आणि सतरा वर्षं गायले. 2023 मध्ये शोदरम्यान इजा झाली, स्वरयंत्राचा भाग मोडला होता असं निष्पन्न झालं, आणि 2024 मध्ये एरोस्मिथने टूर कायमची थांबवली. तेव्हा ते 75-76 वर्षांचे होते. या वयात कडक झालेला कूर्चा लवचीक कूर्चासारखा वाकत नाही, हे मी त्या बातमीनंतर माझ्या प्रत्येक गायकाला सांगितलं.

आधी रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज ट्रॅकवर सोडून ओठ हलवण्याला माझा विरोध आहे. सहगायकांनी वरचा स्वर घेणं वेगळं, ते डोळ्यांसमोर घडतं. ट्रॅकवरचा जुना आवाज ऐकत गायलं की तुमचा गळा पुन्हा त्याच आठवणीच्या मागे धावायला लागतो, म्हणजे ज्यातून सुटायचं त्यातच अडकतो.

मोठे गायक कसं निभावतात, या तुमच्या प्रश्नाचं माझ्या मते सगळ्यात खरं उत्तर पट्टीत किंवा शस्त्रक्रियेत नाही, गाण्यांच्या निवडीत आहे. जॉनी कॅश यांचा निर्माता रिक रुबिन यांच्यासोबत, बहुतांशी एका गिटारवर केलेला अल्बम 1994 मध्ये आला. तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते. पुढच्या नऊ वर्षांत आजाराने आवाज थरथरत गेला आणि त्यांनी ती थरथर लपवली नाही. शब्द जवळून, सावकाश, बोलल्यासारखे आले. जोनी मिचेल यांनी 1969 मध्ये उंच, पारदर्शक आवाजात गायलेलं 'बोथ साइड्स नाऊ' हे आपलंच गाणं 2000 मध्ये वाद्यवृंदासोबत कितीतरी खालच्या पट्टीत, धुरकट आवाजात पुन्हा गायलं. दोन्ही एकामागोमाग ऐका. प्लांट यांनी त्याच 2007 साली अ‍ॅलिसन क्रॉस यांच्यासोबत अल्बम केला, जवळजवळ सगळा हळू आवाजात, आणि 2009 मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. किंकाळीसाठी ओळखला जाणारा माणूस किती बारीक गाऊ शकतो, हे तोवर फारसं कुणी ऐकलं नव्हतं.

तुमच्या त्या शेवटच्या स्वराचं असं करा. व्यायामांचे आठ आठवडे झाल्यावर गाणं पूर्ण स्वराने खाली घ्या. शेवटच्या स्वरावरचा शब्द बघा: तुम्ही लिहिलेला 'ई' या स्वरात संपतो, आणि जोरात धरलेला 'ई' उंचावर गळा आवळतो, तोंड थोडं उभं उघडून त्याला 'इ' आणि 'ए' यांच्या मधे न्या. ऐकणाऱ्याला शब्द तोच ऐकू येईल. स्वर आठ ठोक्यांऐवजी चार ठोके धरा, तोही पूर्ण जोराने नव्हे, आणि पाचव्या ठोक्याला तोच स्वर गिटारने उचलावा. गिटारवादकाला त्या स्वरावरून पुढे काय करायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या. तीन शोंमध्ये असं करून बघा, प्रत्येक शोनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर आवाज कसा आहे ते त्याच वहीत लिहा, आणि स्ट्रोबोस्कोपीची चित्रफीत मिळाली की त्या नोंदींसोबत मला दाखवा.